पितळेचा सर्प

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी व रविवारी आमच्या नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, हे वाचकांस सांगावयास नकोच. पुष्कळांनी त्या दोन दिवसांत येथे रांगेत उभे राहून तासन्‌तास घालविले असतील. मुंबई-वसईकडून, पुण्याहून, गोव्याहून आणि त्याहूनही दूरवरून माणसे येतात. त्यांत ख्रिस्ती किती आणि इतर धर्मांचे किती याचा हिशेब कोणी मांडत नाही; मांडू नये असेच आम्हांस वाटते. एका वर्षी यात्रा आटोपल्यानंतरच्या सोमवारी, रस्त्याकडेचे मांडव अजून उतरावयाचे होते अशा वेळी, आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क गृहस्थ कार्यालयात आले. काखेत टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी होते. ते त्यांनी टेबलावर ठेवले आणि टॉवेल सोडला. आत बाळ येशूची वीतभर उंचीची मूर्ती होती. मखमली झगा, डोक्यावर मुकुट, डाव्या हातात पृथ्वीचा गोल, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला.

“फादर, ही तुमच्याकडे ठेवून घ्या. घरात नको.”

हे गृहस्थ येथील नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. मूर्ती त्यांच्या पत्नीने अशाच एका यात्रेत विकत घेतली होती आणि एकोणीस वर्षे तिच्यापुढे रोज संध्याकाळी दिवा लावला होता. पुढे तिची मूत्रपिंडे निकामी झाली. दोन वर्षे आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि दर आठवड्याला नोव्हेना. आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. दरम्यान सून एका प्रार्थना-गटात जाऊ लागली होती. घरात मूर्ती ठेवणे हीच मूर्तिपूजा, आणि सासूचे आजारपण हा त्या पापाचा शाप, असे तेथे कोणीतरी तिला सांगितले. मुलगी मनाची वाईट नाही. सासूची सेवा तिनेच केली होती, आणि सासऱ्यावर तिची माया आहे म्हणूनच ती घाबरली होती. गृहस्थांचा शापावर पुरता विश्वास बसला नव्हता, पण रात्री झोप लागेनाशी झाली होती.

जाताना ते एक वाक्य बोलून गेले, ते आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. “आमच्याकडे छपाईत खोट निघाली की तो कागद बाद, फादर. बाद झालेला कागद कोणी जपून ठेवत नाही.”

आम्ही त्यांस चहा दिला. त्या संध्याकाळी दुसरे काय देणार होतो?

नंतर विचार करता एक गोष्ट ध्यानात आली. मूर्ती घराबाहेर काढण्यास त्या घरात दोन कारणे होती आणि ती परस्परविरोधी होती. सासरे म्हणत होते, मूर्तीने काही केले नाही. सून म्हणत होती, मूर्तीनेच सारे केले. परंतु दोघांच्याही बोलण्याच्या मुळाशी समजूत एकच: त्या वीतभर प्लास्टरमध्ये काही सामर्थ्य आहे; ते चालले तर वरदान, उलटले तर शाप. पहिली आज्ञा ज्या रोगावर दिली आहे तो रोग हाच. मूर्ती टेबलावर आली म्हणून तो बरा होत नाही, आणि ती देव्हाऱ्यात राहिली म्हणून तो जडतोच असेही नाही.

सेमिनरीत असताना आम्ही या प्रश्नाचे उत्तर पाठ केले होते. इ. स. ७८७ च्या निकेया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने निर्णय दिला, की आराधना केवळ परमेश्वराची. प्रतिमेला द्यावयाचा तो आदर, आणि तो आदर प्रतिमेपाशी न थांबता ती ज्याची आहे त्याच्याकडे जातो. आईच्या फोटोला हार घालणारा मुलगा कागदाला हार घालीत नसतो. हा भेद खरा आहे आणि आम्ही तो आजही शिकवितो. परंतु तीस वर्षे माणसांत वावरल्यावर इतके कळले आहे, की धर्मपरिषदेने आखलेली रेषा धर्मपंडिताच्या बुद्धीत जितकी ठळक असते तितकी गुडघे टेकलेल्या माणसाच्या हातांत नसते. मूर्तीच्या पायांस स्पर्श करताना तो आदर आहे की आराधना, हे त्या हातांस कोण विचारणार? आणि विचारले तरी दुःखात बुडालेल्या माणसाचे हात काय उत्तर देणार?

म्हणून केवळ व्याख्येवर न थांबता पवित्र शास्त्राकडेच वळणे बरे. तेथे हा विषय आपण समजतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. ज्या निर्गमाच्या ग्रंथात विसाव्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नये अशी आज्ञा आहे, त्याच ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब घडवून बसवावेत अशीही आज्ञा आहे. देणारा देव एकच आणि ऐकणारा मोशेही एकच. पुढे अरण्यात लोकांस विषारी साप चावू लागले तेव्हा परमेश्वरानेच मोशेला पितळेचा सर्प करून खांबावर उभारावयास सांगितले, आणि त्याकडे पाहणारे वाचले. हे गणनेच्या एकविसाव्या अध्यायात आहे आणि बहुतेकांस ठाऊक आहे. पण त्या सर्पाचे पुढे काय झाले, हे प्रवचनांतूनही फारसे सांगितले जात नाही.

तो सर्प लोकांनी जपून ठेवला. पाच-सहाशे वर्षे तो यरुशलेममध्ये होता आणि लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. हिज्कीया हा यहूदाच्या राजांमधला अत्यंत धर्मनिष्ठ राजा. त्याने तो सर्प फोडून टाकला. नेहुश्तान हे त्याचे नाव राजांच्या दुसऱ्या ग्रंथात नोंदलेले आहे. त्या शब्दात पितळ आणि सर्प या दोन्ही हिब्रू शब्दांचा ध्वनी आहे, आणि पितळेचा एक तुकडा, एवढाच त्याचा भाव. वाचकहो, जरा थांबून विचार करा. ही काही शेजारच्या राष्ट्रातून चोरून आणलेली बालमूर्ती नव्हती. देवाने सांगितलेली, मोशेने घडविलेली, माणसांचे प्राण वाचविल्याची साक्ष असलेली वस्तू होती. याहून पवित्र अवशेष कोणता असू शकेल? तरीही ती मूर्ती ठरली, कारण लोकांनी तिला देवाकडे पाहण्याची खिडकी न ठेवता देवाच्या जागी बसविले. आणखी पुढे पाहा. प्रभू येशूने निकदेमाशी बोलताना स्वतःच्या क्रुसाला उपमा दिली ती त्याच सर्पाची. म्हणजे सर्पात मुळात पाप नव्हतेच. आपल्या बायबलमधील ज्ञानग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात याचा उलगडा आहे: सर्पाकडे वळणारा वाचला तो दिसणाऱ्या वस्तूमुळे नव्हे, तर सर्वांचा तारणारा जो देव त्याच्यामुळे.

सुनेने आणि सासऱ्याने मिळून हा अध्याय वाचावा असे आमच्या मनात आले होते. अद्याप तसा योग आलेला नाही.

सोन्याच्या वासराची कथाही आपण घाईने वाचतो. इस्राएलांनी परमेश्वराला सोडून दुसरा देव धरला, असा तिचा सारांश आपण मुलांस सांगतो. पण अहरोन वासरापुढे वेदी बांधून काय पुकारतो? उद्या परमेश्वराचा सण आहे, असे. बाहेर काढणाऱ्या देवाचे नाव त्यांनी टाकलेले नव्हते. त्याच देवाला त्यांनी आपल्या मापाचे केले. आणि ते केव्हा? मोशे डोंगरावरून उतरावयास उशीर करू लागला तेव्हा. चाळीस दिवस लोटले, वरून काही शब्द येईना, तेव्हा बायकामुलांच्या कानांतील कुड्या आगीत गेल्या. मूर्तीचा जन्म बहुधा द्वेषातून होत नाही. तो वाट पाहवेनाशी होते त्या क्षणी होतो. जो देव बोलत नाही, आपल्या वेळापत्रकाने चालत नाही, त्याच्या जागी असा देव हवासा वाटतो की जो समोर असेल, आपण ठेवू तेथे राहील आणि विचारू तेव्हा पावेल. (मोशेने जाब विचारल्यावर अहरोनाने दिलेले उत्तर आम्हां धर्मगुरूंनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. सोने आगीत टाकले आणि हे वासरू आपोआप बाहेर आले! लोकांस हवे ते घडवून देऊन वर हात झटकणारा पुरोहित तेव्हापासून आजतागायत आहे.)

मग मागावेच की नाही? नवस बोलावा की नाही? मागणे हे पाप नव्हे. प्रभूने स्वतः मागावयास शिकविले. हन्नाने मंदिरात रडून मूल मागितले, नवसही केला, आणि मूल झाल्यावर ते परमेश्वराला वाहून ती रिकाम्या हातांनी घरी गेली. तिच्या नवसात सौदा कोठे आहे, शोधून सापडत नाही. उलट इफ्ताहाचा नवस पाहा. विजयाची किंमत ठरवून गेला आणि पोटची मुलगी गमावून बसला. आपल्या नवसांपैकी हन्नाचे किती आणि इफ्ताहाचे किती, हे ज्याचे त्याने पापनिवेदनापूर्वी तपासावे. आम्ही मात्र त्या गृहस्थांकडे पाहून वेगळ्याच प्रार्थनेचा विचार करीत होतो. गेथशेमानी बागेत पुत्राने पित्याकडे प्याला टळावा म्हणून मागितले. प्याला टळला नाही. एखादी विनंती मान्य न होणे हे जर प्रार्थना बाद झाल्याचे लक्षण असेल, तर ख्रिस्ताची ही प्रार्थनाही बाद कागदांत टाकावी लागेल.

एकनिष्ठा हा शब्दही आपण बहुधा दुसऱ्यांवर उगारण्यासाठी वापरतो. परमेश्वर ईर्ष्यावान आहे असे आज्ञेत म्हटले आहे; त्याचा अर्थ होशेय संदेष्ट्याने आपल्या मोडलेल्या संसारातून समजावून दिला. होशेयाच्या घरातून पत्नी निघून गेली आणि त्याने तिला मोल देऊन परत आणली. देवाची ईर्ष्या ही दुकानदाराची नव्हे, की गिऱ्हाईक शेजारी गेले. ती जोडीदाराची आहे. म्हणून संदेष्टे मूर्तिपूजेला व्यभिचार म्हणतात, आणि म्हणूनच त्यांचा सारा क्रोध आपल्याच लोकांवर आहे. यशयाने लाकडाच्या अर्ध्या ओंडक्यावर भाकरी भाजणाऱ्या आणि उरलेल्या अर्ध्यापुढे लोटांगण घालणाऱ्या माणसाची थट्टा केली, ती बाबेलमध्ये बंदिवान झालेल्या स्वकीयांना ऐकविण्यासाठी. ती थट्टा उचलून पंचवटीत नेऊन सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आपण गोदावरीच्या काठी राहतो. २०१५ च्या सिंहस्थात स्नानासाठी लोटलेली माणसे आम्ही पाहिली. त्यांच्या डोळ्यांतील तहान आम्हांस परकी वाटली नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयीचा जाहीरनामा काढला आणि त्यांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही अशी ग्वाही दिली. तरीही दरवर्षी गणपतीच्या दिवसांत कोणी ना कोणी भगिनी आम्हांस विचारतेच, की शेजारणीने दिलेला प्रसाद घ्यावा की नाही. करिंथ येथील ख्रिस्ती लोकांनी संत पौलाला जवळजवळ हाच प्रश्न केला होता. त्याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दाचे नाही. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, हे तो मान्य करतो. दोन मेजांवर एकाच वेळी बसता येत नाही, हेही तो ठामपणे सांगतो. आराधनेत सहभाग ही वेगळी गोष्ट आहे. पण तो भर देतो तो दुबळ्या मनाच्या बंधूवर: तुझ्या खाण्याने त्याला ठेच लागते काय, ते पाहा. आम्ही त्या भगिनींस सांगतो, की पूजेस बसू नये, आणि शेजारणीचे मन मोडू नये. दोन्ही एकदम कसे साधावे हे आमच्यापेक्षा त्यांस अधिक कळते.

नाशिकची आणखी एक आठवण येथे टाळता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे चालविला. दार उघडले नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने आपली प्रतिमा म्हणून एकच गोष्ट घडविल्याचे सांगितले आहे, आणि ती म्हणजे माणूस, स्त्री आणि पुरुष. ती प्रतिमा बाहेर उन्हात उभी ठेवून आत कोणाची पूजा चालते, हा प्रश्न तेव्हा मंदिराला विचारला गेला. तो देवळाला, म्हणजे आपल्यालाही विचारला पाहिजे. आमच्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांचे आजे-पणजे त्याच बंद दारांबाहेरून ख्रिस्तसभेत आले. येथे तरी सोयरीक जुळविताना जात पुसली जात नाही, असे छातीवर हात ठेवून आम्ही म्हणू शकत नाही. जातीपुढे जळणारा धूप दिसत नाही एवढेच.

आणि मग ज्या मूर्तीचा कारखानाच आपल्या गावात आहे तिच्याविषयी काय बोलावे? १९२८ पासून नाशिकरोडला चलनी नोटा छापल्या जातात. आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरांची चूल त्या छापखान्यावर पेटली, मुले शिकली, देवळाच्या बाकांवर देणगीदारांची नावे आली. त्या श्रमाविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण संत पौल कलस्सैकरांस लिहितो, की लोभ हीच मूर्तिपूजा. आणि प्रभूने देवाचा प्रतिस्पर्धी म्हणून नाव घेतले ते बालाचे नव्हे, धनाचे. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा चलनातून बाद झाल्या. सकाळपर्यंत जे देवासारखे होते ते रात्रीतून कागद झाले. कष्टकऱ्यांचे हाल झाले ते आम्ही विसरलेलो नाही, आणि त्या हालांस धर्मोपदेशाचे उदाहरण करणेही बरे नव्हे. परंतु ज्यांनी थप्प्या रचल्या होत्या त्यांचे चेहरे त्या आठवड्यात पाहून यशयाचा ओंडका आम्हांस आठवला, हे खरे.

प्रभूला कर द्यावा की नाही असे विचारले तेव्हा त्याने नाणे मागितले आणि विचारले, की यावर प्रतिमा कोणाची? तिबेर्य कैसराच्या त्या चांदीच्या नाण्यावर तो दिव्य ऑगस्टसचा पुत्र असल्याचा लेख होता. म्हणजे मंदिराच्या आवारात, पवित्र लोकांच्या खिशात, एक लहानशी मूर्ती होतीच. कैसराची प्रतिमा ज्यावर, ते कैसराचे. मग देवाची प्रतिमा ज्यावर आहे ते कोणाचे, हे प्रभूने उच्चारले नाही. ऐकणाऱ्यांनी ते आपापल्या तोंडाकडे पाहून समजावयाचे होते. आपल्या नोटेवर १९९६ पासून महात्मा गांधींचे चित्र आहे. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाची प्रतिमा आपण तिजोरीत साठवितो!

धनाविषयी बोलताना स्वतःस वगळणे धर्मगुरूला शोभणार नाही. दानिएलाच्या ग्रंथाचा चौदावा अध्याय आमच्या आवडीचा आहे. बेल देव रोज मणभर अन्न खातो म्हणून तो जिवंत आहे, अशी राजाची खात्री. दानिएल हसला, आणि रात्री मंदिराच्या जमिनीवर त्याने राख चाळून पसरली. सकाळी पाहतात तो राखेत पुरोहितांची, त्यांच्या बायकांची आणि मुलांची पावले. जेथे जेथे भक्तांची दाने पडतात तेथे तेथे अधूनमधून ती राख पसरावी, आमच्या देवळातही.

त्या मूर्तीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. प्राग शहरातील मूळ मूर्ती, जिच्या प्रतिकृती जगभर आहेत, ती स्पेनहून आलेली, मेणाचा लेप दिलेली, हातभर उंचीची. १६२८ साली पोलिक्सेना नावाच्या सरदार घराण्यातील स्त्रीने ती कार्मेल मठवासीयांस दिली. तीनच वर्षांनी सैन्याने मठ लुटला, मूर्ती वेदीमागील कचऱ्यात फेकली गेली आणि तिचे दोन्ही हात तुटले. १६३७ मध्ये फादर सिरिल यांना ती सापडली. आशीर्वाद देणारा हात नाही, पृथ्वी धरणारा हात नाही, अशा बालकापुढे ते गुडघे टेकून बसले, असे सांगतात. हात पुढे बसविले गेले. पण त्या मधल्या दिवसांतील प्रार्थनेचा आम्ही अनेकदा विचार करतो. ज्याच्याजवळ देण्यास हातच नाहीत त्याच्याकडे काय मागितले असेल?

हे आम्ही त्या गृहस्थांस एकदा सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, बोलले काही नाही. मूर्ती आम्ही वस्त्रागारातील कपाटात ठेवली आहे, वर्गणीच्या वहीशेजारी. नोटा मोजण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या धर्मग्रामात कोणी नाही, म्हणून रविवारच्या मिस्सानंतर दानपेटीचा हिशेब तेच करतात, आणि त्यासाठी ते कपाट त्यांनाच उघडावे लागते. पास्कानंतरच्या एका रविवारी आम्ही झगा उतरवीत होतो. त्यांनी वही काढली, क्षणभर थांबले, खिशातला रुमाल काढून मूर्तीच्या मुकुटावरची धूळ पुसली, कपाट लावले आणि दहा-दहाच्या नोटा वेगळ्या करू लागले. सून बाहेर स्कूटरपाशी त्यांची वाट पाहत उभी होती.